अंक बरोबर येतात, तरी डेटा सफिशियन्सीचा गोल चुकतो? बिघाड असा शोधा

डेटा सफिशियन्सी म्हणजे एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि उत्तर ठरवायला त्यातलं कोणतं पुरेसं आहे एवढंच सांगायचं. गोल म्हणजे उत्तरपत्रिकेवर पर्यायासाठी रंगवायचा तो. इथले प्रश्न अक्षरांच्या गणितांचे आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक अंक लपलेला. आधी लक्षणं बघू. यातली दोन जरी जुळली, तरी पुढचं वाचण्यात तुमचा फायदा आहे.

- 'कख + ख = गक' असली अक्षरांची गणितं एरवी सुटतात, पण खाली दोन विधानं जोडून 'कोणतं पुरेसं?' विचारलं की पर्याय चुकतो.
- चुकलेले प्रश्न काढून बघितले तर निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही 'दोन्ही विधानं एकत्र' हाच गोल रंगवलेला असतो.
- स्पष्टीकरण वाचताना एकही नवीन गोष्ट सापडत नाही. 'हे तर मला येत होतं' एवढंच वाटतं.
- पहिल्या विधानातून एक अंक निघतो, दुसऱ्यातून भलताच, आणि तुम्ही 'दोन्ही पुरेशी' म्हणून पुढे जाता.
- एका प्रश्नावर चार मिनिटं जातात आणि शेवटी गोल अंदाजानंच रंगवला जातो.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत रात्रीचा चहा झाला की कुणी ना कुणी वही उघडून माझ्यासमोर बसतं. "दादा, उत्तर तर आलं होतं ना?" आलेलं असतं, आणि नेमकी तिथेच गडबड असते. या प्रश्नात अंक शोधायला सांगितलेलंच नसतं. किती अंक शिल्लक राहतात ते मोजायला सांगितलेलं असतं. एक उरला तर माहिती पुरेशी, दोन उरले तर अपुरी. शाळेत आठ-दहा वर्षं उत्तर काढण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे हात आपोआप उत्तर काढायला धावतो आणि मोजणी राहून जाते.

खालच्या तपासण्या फुकटातल्यापासून वेळखाऊपर्यंत अशा क्रमानं लावल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेकांचा बिघाड पहिल्या तिघांतच सापडतो, आणि ते मात्र शेवटच्या तपासणीची तयारी करत महिने घालवतात.

तपासणी १: पर्यायांची भाषा (वेळ: दहा सेकंद)

हसू नका. उत्तर बरोबर आणि गोल चुकीचा, हा प्रकार मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केला आहे.

जीमॅटमध्ये (व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) पाच पर्याय असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. ए म्हणजे फक्त पहिलं विधान पुरेसं, बी म्हणजे फक्त दुसरं, सी म्हणजे दोन्ही एकत्र, डी म्हणजे दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरेसं, ई म्हणजे एकत्र घेऊनही नाही. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (नागरी सेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) चारच पर्याय. तिथे 'एक विधान पुरेसं, दुसरं नाही' हा एकच पर्याय असतो, मग ते पहिलं असो वा दुसरं. 'कुठलंही एकटं' दुसऱ्या क्रमांकावर येतं, 'एकत्र' तिसऱ्यावर आणि 'एकत्रही नाही' चौथ्यावर. आता जीमॅटच्या पुस्तकावरून सराव केलेला मुलगा सीसॅटला बसतो. 'प्रत्येक एकटं पुरेसं' असं अगदी बरोबर ठरवतो आणि सवयीनं डी रंगवतो. सीसॅटच्या भाषेत त्यानं 'काहीच पुरेसं नाही' असं लिहून दिलं. अडीच गुण गेले, वर ०.८३ ऋण.

उपाय साधा आहे. कच्च्या कामात कधीच पर्यायाचं अक्षर लिहायचं नाही, निकाल शब्दांत लिहायचा: 'फक्त २', 'कुठलंही', 'एकत्र', 'नाही'. मग पर्याय वाचून गोल शोधायचा. बँकांच्या पेपरात तर पर्यायांची मांडणी दरवेळी वाचायचीच.

तपासणी २: नेमकं काय विचारलंय? (वेळ: पंधरा सेकंद)

ही तपासणी स्वस्त आहे, पण इथे थोडं रेंगाळू, कारण सगळा खेळ इथेच आहे. ही मांडणी घ्या:

कख × ग = घघघ

इथे कख म्हणजे दोन अंकी संख्या, क दशकस्थानी आणि ख एककस्थानी. क गुणिले ख नव्हे. वेगळ्या अक्षरांना वेगळे अंक. घघघ म्हणजे १११ × घ, आणि १११ = ३ × ३७. ३७ ही मूळ संख्या आहे आणि ती एकअंकी ग मध्ये मावत नाही, म्हणून ती कख मध्येच असणार. म्हणजे कख एकतर ३७ किंवा ७४. गुणाकार करून बघितले तर सहा ओळी मिळतात: ३७ × ३ = १११, ३७ × ६ = २२२, ३७ × ९ = ३३३, ७४ × ३ = २२२, ७४ × ६ = ४४४, ७४ × ९ = ६६६. यातल्या तिघींत एकच अंक दोन अक्षरांना जातो, त्या बाद. उरल्या तीन:

३७ × ६ = २२२
७४ × ३ = २२२
७४ × ९ = ६६६

आता विधानं. (१) घ ही मूळ संख्या आहे. (२) ख सम आहे.

प्रश्न 'ग किती?' असेल तर (१) मधून पहिल्या दोन ओळी उरतात, ग ६ किंवा ३, अपुरं. (२) मधून शेवटच्या दोन, ग ३ किंवा ९, अपुरं. दोन्ही लावली तर ७४ × ३ एकटी उरते. उत्तर: एकत्र.

प्रश्न 'घ किती?' असेल तर? (१) मधून त्याच दोन ओळी उरतात, पण दोन्हींत घ = २. ओळी दोन, उत्तर एक. पुरेसं. (२) मधून घ २ किंवा ६, अपुरं. उत्तर: फक्त पहिलं.

आणि 'ग ला ३ ने भाग जातो का?' असं विचारलं असेल तर? ६, ३, ९. तिन्हींना जातो. विधानं न वाचताच उत्तर 'होय'. म्हणजे कुठलंही एकटं पुरेसं.

मांडणी तीच, विधानं तीच, आणि बरोबर गोल तीन वेगळे. म्हणून ओळी मोजू नका. विचारलेल्या गोष्टीच्या किती वेगवेगळ्या किमती उरतात ते मोजा. मी मुलांना कच्च्या कामाच्या पहिल्या ओळीत 'ग = ?' किंवा 'होय/नाही?' असं लिहून त्याभोवती चौकट काढायला लावतो. बालिश वाटतं, पण चालतं.

होय/नाहीच्या प्रश्नात आणखी एक ठेच लागते. 'कख + खक ही पूर्ण वर्ग संख्या आहे का?' ही बेरीज ११ × (क + ख) असते. ती पूर्ण वर्ग व्हायची तर क + ख = ११ लागतं, दुसरा मार्ग नाही. विधान आहे: क + ख सम आहे. मग बेरीज कधीच वर्ग होणार नाही. उत्तर ठाम 'नाही' आलं. आणि इथे मुलं लिहितात 'अपुरं', कारण 'नाही' हा शब्द दिसला! ठाम नकार हेही पूर्ण उत्तर आहे. विधान अपुरं तेव्हाच, जेव्हा कधी होय आणि कधी नाही येतं.

तपासणी ३: न लिहिलेल्या अटी (वेळ: पंधरा सेकंद)

दोन अटी कायम निसटतात. एक, वेगवेगळ्या अक्षरांना वेगवेगळे अंक. दुसरी, संख्येच्या सुरुवातीला शून्य नाही. पहिली अट प्रश्नात लिहिलेली असते का ते वाचायचं. लिहिलेली नसेल तर गृहीत धरायची नाही. दुसरी बहुधा लिहिलेली नसते, पण 'दोन अंकी संख्या' या शब्दांतच ती असते.

'या अटीनं काय मोठा फरक पडतो?' असं वाटत असेल तर हे बघा.

कख आणि खक या दोन अंकी संख्या आहेत, कख − खक = ६३. क किती? (१) क विषम आहे. (२) क + ख हे ८ पेक्षा जास्त आहे.

वजाबाकी ९ × (क − ख) असते, म्हणून क − ख = ७. जोड्या: ८ आणि १, ९ आणि २. आणि ७ आणि ०? तिथे खक म्हणजे ०७, ती दोन अंकी संख्या नाही, बाद. (१) मधून क = ९ एकटा, पुरेसं. (२) मधून ८१ आणि ९२ दोन्ही उरतात, अपुरं. उत्तर: फक्त पहिलं. आता ७० ला चुकून आत घेऊन बघा. (१) मधून ७ आणि ९ उरतात, अपुरं. (२) मधून ८ आणि ९, अपुरं. एकत्र ९. उत्तर: एकत्र. एका शून्यानं गोल बदलला, आणि बदलून नेमका कुठे गेला? लक्षणांच्या यादीतल्या दुसऱ्या ओळीत.

वेगळ्या अंकांची अट विसरली तरी हेच होतं. सुरुवातीची मांडणी घेऊ: कख + ख = गक, वेगळी अक्षरं, वेगळे अंक. क किती? (१) ग ही मूळ संख्या आहे. (२) ख हा ७ पेक्षा मोठा आहे.

एककात ख + ख केल्यावर हातचा आला नाही तर दशकातला क तसाच खाली उतरतो आणि ग = क होतो. ते चालत नाही. म्हणून हातचा १ आलाच पाहिजे: ग = क + १ आणि २ख = १० + क. क सम निघाला.

२६ + ६ = ३२
४७ + ७ = ५४
६८ + ८ = ७६
८९ + ९ = ९८ (इथे ख आणि ग दोन्ही ९, बाद)

(२) लावलं की ख = ८ ची ओळ एकटी उरते. पुरेसं. (१) लावलं तर ग ३, ५, ७, तिन्ही मूळ संख्या, एकही ओळ गळत नाही. म्हणजे पहिल्या विधानानं तुम्हाला काहीच सांगितलं नाही. उत्तर: फक्त दुसरं. आता अट विसरा. ८९ ची ओळ परत येते, शिवाय २१ + १ = २२ सारख्या बिनहातच्याच्या चार ओळीही येतात. (२) मध्ये दोन ओळी, (१) मध्ये चार, दोन्ही लावून एक. पुन्हा 'एकत्र'.

'एकत्र' हा गोल तुमच्या हातून वारंवार रंगत असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. विसरलेली अट यादी फुगवते, आणि फुगलेल्या यादीला बहुधा दोन विधानं लागतात.

तपासणी ४: मांडणी एकटीच पुरते का? (वेळ: तीस सेकंद)

कख + खक = गकग. विधानं: (१) ख विषम आहे. (२) ग = १. क किती?

विधानांवर हात ठेवा. दोन दोन-अंकी संख्यांची बेरीज २०० च्या आतच राहते, म्हणून ग = १. मग ११क + ११ख = १०१ + १०क, म्हणजे क + ११ख = १०१. ख = ९, क = २ एवढंच बसतं. २९ + ९२ = १२१. प्रश्न सुटला, विधानं वाचायच्या आधीच. त्यामुळे 'कुठलंही एकटं पुरेसं', जरी दुसरं विधान तुम्हाला माहीत असलेलंच सांगत असलं तरी. 'ग = १ यातून क कसा कळेल?' हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो. विधान एकटं उभं नसतं, ते मांडणीच्या खांद्यावर उभं असतं.

असाच दुसरा नमुना: कक + खख + गग = कखग. उत्तर एकच, ११ + ९९ + ८८ = १९८. आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची १९४९ सालची ६१७४ ही संख्या आठवत असेल तर तिसरा नमुना: कखगघ − घगखक = खघकग, अट क > ख > ग > घ. ७६४१ − १४६७ = ६१७४, दुसरं काही बसत नाही. कापरेकरांची संख्या ठाऊक असलेल्या माणसाला हा प्रश्न पाच सेकंदांचा.

ही तपासणी चौथी ठेवली, कारण दरवेळी मांडणी पूर्ण सोडवायला जाणं महागात पडतं. अर्ध्या मिनिटात यादी एका ओळीवर आली नाही तर पुढे सरका.

तपासणी ५: एका विधानाचं पाणी दुसऱ्यात झिरपतंय का?

कख + खक = १२१, क > ख. क किती? (१) क मूळ संख्या आहे. (२) ख सम आहे.

क + ख = ११. ओळी चार: ९२, ८३, ७४, ६५. (१) मधून क = ७. छान. आता मुलगा (२) कडे वळतो, डोक्यात ७४ घोळतंय. 'ख चार, सम आहे, जुळतंय!' आणि लिहितो: कुठलंही एकटं पुरेसं. त्यानं (२) तपासलंच नाही. (१) चं उत्तर (२) शी जुळतं का एवढंच बघितलं. ते जुळणारच, नीट बनवलेल्या प्रश्नात दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतात. (२) एकटं लावलं तर ९२ आणि ७४ दोन्ही उरतात. उत्तर: फक्त पहिलं.

यावर इच्छाशक्तीचा उपाय चालत नाही, 'आता लक्ष देईन' म्हणून झिरपणं थांबत नाही. कागदाची रचना बदलावी लागते. मांडणीवरून निघालेली यादी एकदाच उभी लिहा. पहिलं विधान पाळणाऱ्या ओळींना डावीकडे बरोबरची खूण करा. मग अंगठ्यानं डाव्या खुणा आणि पहिलं विधान झाका, दुसऱ्यासाठी उजवीकडे खुणा करा. डाव्या खुणांत विचारलेल्या गोष्टीच्या किती किमती, उजव्यांत किती, आणि दोन्हीकडे खूण असलेल्या ओळींत किती, एवढं वाचलं की झालं. एकत्रचा विचार वेगळा करावाच लागत नाही.

याच खुणांतून दोन फुकटच्या सूचना मिळतात. डावीकडून एक उत्तर ठाम आलं आणि उजवीकडून दुसरंच ठाम आलं, तर प्रश्नात बहुधा चूक नसते, तुमच्या यादीत असते. मागे जा, तपासणी ३ पासून. दुसरी: डाव्या आणि उजव्या खुणा हुबेहूब सारख्या आल्या, तर 'एकत्र' हा पर्याय तिथेच मेला. याच मांडणीत (१) क विषम, (२) ख सम अशी विधानं दिली तर बेरीज ११ असल्यामुळे दोन्ही एकच गोष्ट सांगतात. दोन्हीकडे ९२ आणि ७४. एकाच माणसाची साक्ष दोनदा घेतल्यानं साक्षीदार दोन होत नाहीत. उत्तर: एकत्र घेऊनही नाही.

तपासणी ६: यादी पूर्ण आहे का? (इथे खरा वेळ जातो)

वरच्या पाचही जागा ठीक असतील आणि तरी चुकत असेल, तर यादीतली एखादी ओळ निसटते आहे. लक्षण ओळखायला सोपं आहे: आकडे टाकून बघता बघता ४७ + ७ = ५४ सापडतं, ते विधानात बसतं, आणि पेन थांबतं. एक उत्तर सापडणं म्हणजे एकच उत्तर असणं नव्हे. या एका चुकीमुळे अपुऱ्या विधानाला 'पुरेसं' म्हटलं जातं.

पूर्ण यादीसाठी आकडे टाकून बघणं सोडा. तीन हत्यारं पुरतात.

पहिलं, हातचा. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा ० किंवा १, तीन संख्यांच्या बेरजेत ०, १ किंवा २. याहून जास्त कधीच नाही. म्हणून प्रत्येक स्तंभाचे दोन-तीनच फाटे होतात, आणि ते सगळे कागदावर मांडता येतात. हेन्री ड्यूडनी यांनी १९२४ मध्ये स्ट्रँड मासिकात दिलेलं 'सेंड अधिक मोअर बरोबर मनी' (SEND + MORE = MONEY) हे या जातीतलं सर्वात गाजलेलं कोडं. उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२. पूर्ण सोडवायला घाम फुटतो, पण 'मनी'चं पहिलं अक्षर १ हे बघताक्षणी कळतं, कारण दोन चार-अंकी संख्यांची बेरीज वीस हजारांना पोचतच नाही. तुम्हाला तेवढंच अक्षर विचारलं असेल तर बाकीचा घाम कशाला गाळायचा?

दुसरं, एककस्थान. गुणाकारात ख × क चा शेवटचा अंक पुन्हा ख येत असेल तर चारच शक्यता: क = १, किंवा ख = ०, किंवा ख = ५ आणि क विषम, किंवा क = ६ आणि ख सम. हे पाढ्यांतून स्वतः एकदा काढून बघा, पाठ करू नका. काढलेलं परीक्षेत आठवतं, पाठ केलेलं नेमकं तिथेच दगा देतं.

तिसरं, अवयव. कक दिसलं की ११, ककक दिसलं की ३ × ३७, कखकख दिसलं की १०१, कखगकखग दिसलं की १००१ = ७ × ११ × १३. उलटलेल्या संख्यांची वजाबाकी दिसली की ९. ३७ चं उदाहरण यानंच दोन ओळींत आटोपलं.

यादी झाल्यावर एक घाईची पडताळणी. बेरजेत प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज ९ नं घटते. ४७ + ७ = ५४: डावीकडे ४ + ७ + ७ = १८, उजवीकडे ९, हातचा एक. बरोबर. ही पडताळणी चुकीची ओळ पकडते, निसटलेली नाही. निसटलेलीसाठी फाटे मोजणं हाच उपाय.

कुठे थांबायचं

परीक्षेत: सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एक मिनिट झालं आणि यादीत दहाहून जास्त ओळी असतील किंवा यादी सुरूच झाली नसेल, तर सोडा. आडवी रेघ मारून तीन मजली गुणाकार दिला असेल आणि एकही अंक उघडा नसेल, तर मी तो वाचूनच सोडतो. सीसॅट पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. दोन सोप्या उताऱ्यांचा वेळ एका कोड्यावर घालवण्यात शहाणपण नाही. 'इतका वेळ दिलाय तर आता सोडवूनच उठतो' हा हट्ट घरी करा.

सरावात: चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत वरचा तपासणी क्रमांक लिहा. वीस चुका झाल्या की आकडा बोलायला लागतो. १ ते ५ मधला आकडा जास्त असेल तर कुणाची गरज नाही, सवय बदलली की काम झालं. सहाचा आकडा जास्त असेल आणि तुम्हाला 'कख म्हणजे १०क + ख' हे लिहायला अडखळायला होत असेल, किंवा ९ आणि ११ च्या विभाज्यतेच्या कसोट्या का चालतात ते सांगता येत नसेल, तर आणखी कोडी सोडवणं बंद करा. तो बिघाड स्थानिक किमतीच्या पायात आहे आणि माझ्यासारख्याच्या चहावरच्या शिकवणीनं जाणारा नाही. गणिताच्या चांगल्या शिक्षकांकडे जा. आठवी-नववीची पुस्तकं घेऊन गेलात तरी लाज नको.

उत्तरतालिकेशी भांडण असेल तर वेगळा तज्ज्ञ लागतो. सराव पेपरांच्या उत्तरतालिका चुकतात, मी स्वतः एका पेपराच्या एका प्रश्नावर अख्खी दुपार घालवली आहे आणि शेवटी चूक छापणाऱ्याची निघाली. आता मी दोनदा यादी केली आणि तरी तालिका वेगळं म्हणत असेल, तर पायथन येणाऱ्या मैत्रिणीला मांडणी पाठवतो. तीन अक्षरं म्हणजे हजार शक्यता, संगणकाला त्या डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासता येतात. तिच्या यादीत माझ्याएवढ्याच ओळी आल्या की तालिका खोडायची आणि झोपायचं.

जाता जाता एक, सगळ्या तपासण्या लावून बघायला. कख × ३ = गगख, वेगळी अक्षरं, वेगळे अंक. क − ग किती? (१) ख विषम आहे. (२) क हा ५ पेक्षा मोठा आहे. सोडवल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका.

३ख चा शेवट ख, म्हणून ख ० किंवा ५. शून्य घेतलं तर ३क = ११ग, एकअंकी क ला ते झेपत नाही. पाच घेतलं तर ३क + १ = ११ग, क = ७, ग = २. ७५ × ३ = २२५, क − ग = ५, आणि उत्तर: कुठलंही एकटं पुरेसं.